गंगाजळीचं झाकण

पंढरपुरातल्या जुन्या वाड्यांमध्ये देवघराच्या कोनाड्यात गंगेचा एक गडू असे. घरातलं कुणीतरी कधीकाळी काशीला जाऊन आलेलं असायचं. परतल्यावर गंगापूजन व्हायचं, मावंदं घातलं जायचं, आणि एक गडू तोंड झाळून कायमचा बाजूला ठेवला जायचा. चैत्र-वैशाखात चंद्रभागेचं पात्र आटतं, सोलापूर जिल्ह्यातलं ऊन अंगाची काहिली करतं, माठ दुपारीच तळाला जातात. पण त्या गडूला कुणी हात लावत नसे. ते पाणी तहानेसाठी नव्हतंच. घरातला जीव जायला लागला की झाळ फोडायची आणि तुळशीपत्रावरून दोन थेंब तोंडात सोडायचे, एवढ्यासाठीच ते राखलेलं.

देशाच्या तिजोरीतल्या डॉलर, युरो, येन आणि सोन्याला मराठी वर्तमानपत्रं जो शब्द वापरतात, तो याच कोनाड्यातून उचललेला आहे: परकीय चलनाची गंगाजळी. हिंदीत त्याला भंडार म्हणतात. भंडार म्हटलं की भरलेली कोठी दिसते. गंगाजळी म्हटलं की बंद तोंडाचा गडू दिसतो, आणि त्याच्या शेजारी अंथरुणाला खिळलेलं माणूस दिसतं. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला या गंगाजळीचा आकडा जाहीर करते, तो वाढला की बरं वाटतं, घटला की काळजी वाटते. पण आकडा वाढण्या-घटण्यापलीकडचा एक प्रश्न या शब्दाच्या पोटात आहे, आणि तो अर्थशास्त्राच्या आधी धर्माचा आहे. झाकण कधी उघडायचं? आणि कुणाच्या घशासाठी?

वारकरी परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तिने तो सिद्धान्त मांडून केला नाही, गोष्टी सांगून केला.

पहिली गोष्ट एकनाथांची. सोळाव्या शतकातले पैठणचे नाथ गंगेच्या पाण्याची कावड घेऊन रामेश्वराकडे निघाले आहेत. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलं आहे. नाथ कावड उतरवतात आणि रामेश्वरासाठी आणलेलं पाणी त्या गाढवाच्या तोंडात ओततात. बरोबरचे यात्रेकरू हळहळतात, नाथांना मात्र रामेश्वर तिथेच पावलेला असतो. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, आणि ऐकताना कुणाच्याही मनात शंका येत नाही. पाणी जिवासाठीच असतं, दुसरं कशासाठी असणार?

तरीही ही गोष्ट राज्यकर्त्याला पुरत नाही. नाथांनी दिलं ते स्वतःचं पुण्य होतं. कावड त्यांची, पायपीट त्यांची, संकल्प मोडला तोही त्यांचाच. रामेश्वराने जाब विचारला असता तर उत्तर त्यांनी एकट्यानेच दिलं असतं. राज्याची ठेव सांभाळणाऱ्या माणसाच्या खांद्यावरची कावड त्याची नसते. त्याला करुणेचा उमाळा आला आणि त्याने पाणी ओतलं, तर ते दुसऱ्याचं पाणी असतं. म्हणून दुसरी गोष्ट अधिक अवघड आणि अधिक मोलाची आहे. ती पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, मंगळवेढ्यात घडते.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. काळ्या, खोल, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत इथे रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते आणि तिला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जुन्या काळी हे धान्य पेवांत साठवत. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा खणायचा, आतून लिंपायचा, कडबा-भुसा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंड बंद करायचं. पेवाला दोन सवयी असतात. ते उघडल्यावर लगेच आत उतरता येत नाही. आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. आणि एकदा तोंड उघडलं की हवा-ओल आत शिरते, धान्य लवकर उचलावं लागतं. साठवलेल्या वस्तूत मरण आणि जगणं दोन्ही असतं, हे पेव राखणाऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं.

पंधराव्या शतकात, बिदरच्या बहमनी अमलात, दामाजीपंत हे इथले अंमलदार होते असं परंपरा सांगते. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’मध्ये त्यांची कथा येते. दुष्काळ पडला, माणसं अन्नान्न करत मरू लागली, आणि दामाजींनी सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली. हाताखालच्याच एका कारकुनाने बिदरला चुगली केली. बादशहाने दामाजींना धरून आणायला माणसं पाठवली. वाटेत पंढरपुरात दामाजींनी विठ्ठलाचं दर्शन घेतलं आणि पुढच्या शिक्षेला मन तयार केलं. इकडे विठ्ठलाने महाराचं रूप घेतलं; डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो बिदरच्या दरबारात पोचला, जोहार केला, दामाजींच्या धान्याची किंमत म्हणून मोहरांची थैली ओतली. मोहरा मोजल्या गेल्या. आणि त्या महाराने पावती मागून घेतली. ती पावती पुढे दामाजींना गीतेच्या पोथीत सापडली.

चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे आणि तो तसाच राहू द्यावा. थांबून पाहण्यासारखी आहे ती पावती. कथा रचणाऱ्यांना सोपा रस्ता मोकळा होता: देवाने कोठारं पुन्हा धान्याने भरून टाकली असती, बादशहाला स्वप्नात येऊन दटावलं असतं, किंवा त्याच्या दफ्तरातली नोंदच पुसली असती. तसं काहीही घडत नाही. देव हिशेब मोडत नाही, फेडतो. बाजारभावाने पैसे भरतो आणि शिक्क्यानिशी पावती घेतो. दामाजींनी कोठार उघडलं हे बरोबरच होतं, आणि उघडलेल्या कोठाराची भरपाई करणंही भाग होतं. कथा या दोन्हींतलं एकही सोडायला तयार नाही. भक्तीच्या नावाखाली खतावणी जाळून टाकण्याची मुभा या परंपरेने दिलेली नाही. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात, पण ती आपल्या वाट्याची. भावाच्या वाट्याची खतं त्यांनी भावाकडेच ठेवली. दुसऱ्याच्या ठेवीवर उदार होणं त्यांना पुण्य वाटलं नाही.

गीतेत योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. आयुर्विमा महामंडळाने तो आपल्या बोधवाक्यात घेतल्यामुळे घराघरांतल्या पॉलिसीच्या कागदावर पोचला. भाष्यकार त्याची फोड करतात ती अशी: नसलेलं मिळवणं हा योग, मिळालेलं राखणं हा क्षेम. गंगाजळी हा क्षेमाचा प्रकार. पण राखायचं काय? नाणं की माणूस? दामाजींच्या गोष्टीचं उत्तर असं दिसतं की राखायचं माणूस, आणि नाण्याचा हिशेब चोख ठेवायचा तोही पुढच्या दुष्काळातला माणूस राखता यावा म्हणून.

हा प्रश्न सर्वांत उघड्यावर येतो तो लहान बेटांवर. मोठ्या देशाला चार बाजू असतात: शेती बुडाली तर कारखाना, निर्यात घटली तर देशातली बाजारपेठ. बेटाला चहूबाजूंनी समुद्र आणि आत मोजक्या वस्तू. भात, गहू, पेट्रोल, औषधं जहाजाने येतात आणि जहाजवाला बेटाचा रुपया घेत नाही. त्याला डॉलर लागतो. म्हणून बेटाची गंगाजळी मोजताना अर्थतज्ज्ञ विचारतात की यात किती महिन्यांची आयात भागेल. तीन महिन्यांची भागावी, हा जुना ठोकताळा. बेटाची मध्यवर्ती बँक आपले रुपये हवे तेवढे छापू शकते, डॉलर छापू शकत नाही. पेवातली ज्वारी कागदावर वाढवून वाढत नाही, तसंच.

मराठी माणसाच्या ओळखीचं असं एक बेट आहे, मॉरिशस. १८३४ पासून तिथे ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा, पाच वर्षांचा करार. मजुरांबरोबर आणि साखरेच्या व्यापारातून चांदीचा हिंदुस्थानी रुपया त्या बेटावर इतका पसरला, की १८७६ मध्ये कायदा करून रुपया हेच मॉरिशसचं चलन ठरवण्यात आलं. डॉलर आणि पौंड हाताशी असताना एका ब्रिटिश वसाहतीने कामकऱ्यांच्या कनवटीचं नाणं स्वीकारलं. आजही त्या देशाच्या नोटेवर इंग्रजी आणि तमिळबरोबर देवनागरी अक्षरं असतात आणि पंढरपूरचा माणूस ती वाचू शकतो. ही अक्षरं नुसत्या सजावटीची नाहीत. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर देवनागरीच्या खाली गेला तेव्हा तमिळ समाज इतका दुखावला, की नोटा मागे घेऊन दुसऱ्या वर्षी नव्याने काढाव्या लागल्या. नोट म्हणजे शेवटी एक वचन असतं, आणि वचनात आपलं नाव कुठे लिहिलं आहे हे माणूस पाहतोच.

त्या बेटाने गंगाजळी आटण्याचा अनुभव घेतला आहे. सत्तरीच्या दशकाच्या मध्यात जगात साखरेचे भाव चढले. बेटावर पैसा आला, पगार वाढले, खर्चाची सवय लागली. मग भाव उतरले, तेल महागलं, डॉलर संपत चालले. १९७९ मध्ये रुपयाचं मोल सुमारे तीस टक्क्यांनी आणि १९८१ मध्ये आणखी वीस टक्क्यांनी कमी करावं लागलं, नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, सरकारी खर्चाला कात्री लागली. ऊस हेच एक पीक आणि त्याच्या भावावर घरादाराचं वर्ष, ही अवस्था सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला परक्याची वाटणार नाही. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्यात आज त्यांच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. पुढे मॉरिशसने कापड-कपड्याचे कारखाने उभारले, पर्यटन वाढवलं, गंगाजळी भरली आणि १९९४ मध्ये परकीय चलनावरचे निर्बंधही उठवले.

आता दुसरं बेट, आकाराने मोठं आणि आपल्याला अधिक जवळचं. श्रीलंकेकडे २०१९ च्या अखेरीस साडेसात अब्ज डॉलरहून थोडी अधिक गंगाजळी होती. पुढच्या दोन वर्षांत पर्यटन बंद पडलं, करकपातीने सरकारचं उत्पन्न घटलं. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली गेली. सेंद्रिय शेतीचं कारण पुढे होतं, डॉलर वाचवण्याची निकडही होती. भाताचं उत्पादन मात्र कोसळलं. रुपया डॉलरला दोनशेच्या आसपास धरून ठेवण्यात उरलेले डॉलर जात राहिले. आणि १८ जानेवारी २०२२ रोजी श्रीलंकेने परदेशी रोखेधारकांचे पन्नास कोटी डॉलर मुदतीत चुकते केले.

ही तारीख दामाजींच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहावी. देणं चुकवणं हाही धर्मच. पण त्याच हिवाळ्यात देशात गॅसच्या टाक्यांसाठी रांगा लागत होत्या. मार्चमध्ये कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, इस्पितळांत औषधं संपत आली. १२ एप्रिलला सरकारने परकीय कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं. मेच्या सुरुवातीला अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वापरण्याजोगी गंगाजळी पाच कोटी डॉलरांचीही उरलेली नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात महागाई सत्तर टक्क्यांवर गेली.

श्रीलंकेचं पेवही उघडलं गेलं होतंच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडात दोन थेंब पडायच्या आत ते रुपयाचा भाव टिकवण्यात आणि रोखेधारकांची तारीख पाळण्यात रिकामं झालं. जानेवारीतला हप्ता पुढे ढकला, कर्जाची फेरमांडणी करा, असं तिथले काही अर्थतज्ज्ञ तेव्हाच सांगत होते. पत जाईल ही भीती होती. पत तर तीन महिन्यांत गेलीच, पन्नास कोटीही गेले. साठा उघडण्यात पाप नाही आणि झाकून ठेवण्यात पुण्य नाही. पाप-पुण्य ठरतं ते तहानलेल्यांच्या रांगेत आधी कुणाला उभं केलं यावर. एवढं तरी या दोन बेटांकडे पाहून म्हणता येतं.

पंढरपूर स्वतःही एका अर्थाने बेट आहे. चंद्रभागेच्या वळणावर वसलेल्या या गावात पैसा बाहेरून येतो आणि तो चार लाटांनी येतो: चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे, टाळ-वीणा, पितळी मूर्ती, घोंगड्या, लॉज, मठातली खोली, नदीतली होडी. बहुतेकांचं वर्ष या चार वाऱ्यांच्या आणि एकादश्यांच्या गर्दीवर चालतं. बेटाला जसा विमानाने येणारा प्रवासी, तसा पंढरपूरला वारकरी. मार्च २०२० मध्ये मॉरिशसच्या सीमा बंद झाल्या, आणि त्याच महिन्यात विठ्ठल मंदिराचा दरवाजाही भाविकांसाठी बंद झाला. १ जुलै २०२० च्या आषाढीला लाखोंनी भरणारं वाळवंट रिकामं होतं. संतांच्या पादुका एसटी बसने आल्या, गावात संचारबंदी होती. मंदिर मधले काही महिने उघडलं, पुन्हा बंद झालं. दोन्हीकडची दारं नीट उघडली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये.

त्या काळात मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेने सरकारला साठ अब्ज रुपये दिले, आणि बुडायला आलेल्या कंपन्यांना सावरण्यासाठी ऐंशी अब्ज रुपयांच्या भांडवलाची एक गुंतवणूक कंपनी काढली. त्यासाठी कायद्यात बदल करावा लागला. हॉटेलं वाचली, नोकऱ्या वाचल्या. दामाजींच्या बाजूने बोलायचं तर कोठार वेळेवर उघडलं. पण भरपाई कुणी करायची हे स्पष्ट नव्हतं. नाणेनिधी सांगत राहिला की मध्यवर्ती बँकेने अशा कंपनीची मालकी सोडावी. रुपया घसरत गेला. २०१९ च्या अखेरीस डॉलरला छत्तीस-सदतीस पडत होते, ते पुढच्या तीन वर्षांत चव्वेचाळीसच्या आसपास गेले. हा फरक तांदळाच्या आणि पेट्रोलच्या भावातून सामान्य माणसाने भरला. थैली ओतली गेली, पण पावतीवर सही कुणाची आणि फेडणारा कोण, हे आधी विचारलं गेलं नाही.

पंढरपूरच्या फुलवाल्या, माळा ओवणाऱ्या, होडीवाल्या माणसाला तर मध्यवर्ती बँकच नव्हती. त्याची गंगाजळी म्हणजे घरातला डाग, बचतगटातली शिल्लक, सावकाराशी असलेली ओळख. वारकऱ्याला मात्र वारीत एक वेगळी रचना माहीत असते. दिंडीत चालणारा प्रत्येकजण जेवणाखाणासाठी ठरलेली रक्कम भरतो, तिला भिशी म्हणतात. त्यातून शिधा, ट्रक, टँकर, स्वयंपाक चालतो. वाटेतल्या गावांत पंगती उठतात तेव्हा तेवढी भिशी वाचते आणि पुढच्या, पंगत नसलेल्या मुक्कामाला कामी येते. ही भिशी साठवायची नसते. पंढरपूर येईपर्यंत ती पुरायला हवी आणि कुणीही उपाशी राहता कामा नये, एवढीच तिची परीक्षा. हिशेब विणेकऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सर्वांसमोर असतो. गंगाजळीची यापेक्षा निर्मळ व्याख्या सापडणं अवघड आहे. अर्थात दिंडीला एक सोय आहे, तिचा प्रवास कुठे संपतो हे तिला ठाऊक असतं. देशाला आणि बेटाला ते ठाऊक नसतं, म्हणून त्यांना भिशीपेक्षा जास्त काहीतरी लागतं.

त्या जास्तीच्या ठेवीचं सर्वांत जुनं रूप सोनं. १९९१ मध्ये भारतावर बेटासारखीच वेळ आली. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात वीस टन सोनं परत विकत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या एका बँकेला विकलं गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे सत्तेचाळीस टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी गेलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. त्यावर चाळीस कोटी डॉलर मिळाले. देशभर लाज वाटली. घरातलं सोनं मोडण्याची लाज कोणत्याही मराठी घराला सांगावी लागत नाही. पण तोच क्षण होता झाळ फोडण्याचा, आणि फोडणाऱ्यांनी पावतीही सांभाळली: काही महिन्यांत ते सोनं सोडवून घेतलं गेलं. तरी बरंच सोनं पुढे परदेशी तिजोऱ्यांतच राहिलं. त्यातलं शंभरेक टन इंग्लंडहून देशात आणल्याची बातमी २०२४ मध्ये आली, तेव्हा भानुदासांची आठवण झाली नाही असा वारकरी विरळा. एकनाथांचे हे पणजोबा. विठ्ठलाची मूर्ती कृष्णदेवरायाने विजयनगरला नेली होती आणि भानुदासांनी ती पंढरपूरला परत आणली, असं संप्रदाय मानतो.

विठ्ठल विटेवर उभा आहे. भाजक्या मातीची ती वीट पुंडलिकाने घाईत फेकलेली. त्याच विठ्ठलाच्या अंगावर सणावाराला पेशवे, शिंदे, होळकरांच्या काळातले दागिने चढतात, आणि भाविक आपापल्या ऐपतीने सोन्याचांदीचे बारीकसारीक डाग वाहतात. हे लहान डाग वितळवून सोन्याच्या विटा कराव्यात, असा प्रस्ताव अलीकडच्या वर्षांत मंदिर समितीपुढे आला. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. हजारो सुटे डाग सांभाळण्यापेक्षा वीट सांभाळणं सोपं. प्रश्न वितळवण्याचा नाही, विटेवर काय उभं करायचं याचा आहे. वाहिलेला प्रत्येक डाग कुणाच्यातरी नवसाचा, कुणाच्यातरी पोराच्या दुखण्याचा असतो. तो एकदा गंगाजळीत गेला की त्याचं नाव पुसलं जातं, पण त्यामागचं दुखणं पुसलं जात नाही. भक्तनिवास, अन्नछत्र, वारीतली औषधं यांच्यावर तो खर्च व्हावा असं म्हणणाऱ्याचं बोलणं दामाजींच्या वळणाचं आहे. तो तिजोरीत असावा असं म्हणणाराही दुष्काळ आठवूनच बोलत असतो.

आणि किल्ली कुणाकडे, हा प्रश्न पंढरपूरने फार कडवटपणे अनुभवला आहे. मंगळवेढ्याचेच दुसरे संत चोखोबा. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. जन्मभर त्यांना आत जाता आलं नाही. दामाजींच्या गोष्टीत राज्याचं देणं फेडायला देव रूप घेतो ते नेमकं त्यांच्याच जातीच्या माणसाचं, ज्याला कोठाराची किल्लीही नव्हती आणि गाभाऱ्याचा उंबराही नव्हता. ही गोष्ट शतकानुशतकं कीर्तनात रंगत राहिली आणि दार तरीही बंदच राहिलं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा ते उघडलं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा, आणि त्यावरचा न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो जानेवारी २०१४ मध्ये. देवाच्या ठेवीवर देवाच्या लोकांचा हक्क आहे, एवढं कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

मध्यवर्ती बँकांच्या तिजोऱ्यांना हीच कसोटी लावायला हवी. कोलंबोत गॅसच्या रांगेत उभी असलेली बाई, मॉरिशसच्या कास्काव्हेल गावातल्या मराठी घरातला ऊसतोड्याचा पणतू, पंढरपुरात बुक्का विकणारी म्हातारी: गंगाजळी यांच्या घामाने भरते आणि निर्णयाच्या टेबलाशी यांतलं कुणी नसतं. झाकण उघडणाऱ्याने निदान त्यांच्याकडे पाहून उघडावं आणि हिशेब त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहावा. विठू महाराने बिदरहून आणलेली पावती शेवटी दरबाराच्या दफ्तरात राहिली नाही. ती ज्याच्यावर बालंट होतं त्याच्या हातात पडली.

मॉरिशसच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर, ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं एक तळं आहे. गिरमिटिया मजुरांच्या वंशजांना त्यात गंगा दिसू लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाशिवरात्रीला तिथे पायी यात्रा निघू लागल्या. १९७२ मध्ये गोमुखाहून गंगेचं पाणी आणून त्या तळ्यात ओतलं गेलं, आणि तळ्याचं नाव गंगा तलाव झालं. शेकडो कोसांवरून आणलेलं ते पाणी झाळ लावून देवळात ठेवता आलं असतं. आता दर महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं खांद्यावर कावडी घेऊन पायी निघतात, वाटेवरची घरं त्यांना सरबत आणि जेवण देतात, आणि परतताना प्रत्येकजण त्या तळ्याचं पाणी भरून आपल्या गावच्या शंकरासाठी घेऊन जातो.